घोंगडीतला व्हॅनिला

माझी आयुष्यातली पहिली फसवणूक सावंतवाडीच्या एसटी स्टँडबाहेर झाली, आणि ती आइस्क्रीम सोड्याने केली. मे महिन्याची सुट्टी लागली की पुण्याहून रातराणीने निघायचं, रात्रभर घाटात डोकं खिडकीवर आपटत जायचं आणि सकाळी स्टँडवर उतरलं की पोटात नुसता गोळा. डिझेलचा वास, कुणाच्या तरी उलटीचा वास, ओल्या लाकडी बाकांचा वास. काका न्यायला आलेला असायचा. तो माझ्या तोंडाकडे बघायचा आणि म्हणायचा, "सोडो पी रे, बरां वाटतला तुका."

तिथे एक सोड्याची गाडी असायची. लाकडी खोक्यात निळसर हिरव्या जाड काचेच्या बाटल्या, गळ्याशी चेपलेल्या, त्यात गोटी. जिंजर, लिंबू, ऑरेंज आणि आइस्क्रीम. आता सात वर्षांच्या पोराने ह्यातलं काय मागावं? मी आइस्क्रीम मागितलं. सोडावाल्याने लाकडी खुंटी बाटलीच्या तोंडावर ठेवून वरून तळहात मारला, गोटी कीं करून आत गेली, आणि ग्लासात आलं पाण्यासारखं स्वच्छ पाणी! मी ग्लास डोळ्यासमोर धरून खालून बघितला, तळाला काही आहे का म्हणून. काही नाही. मी विचारलं ह्यात आइस्क्रीम कुठंय, तर सोडावाला हसला आणि काका म्हणाला, "वासात आसा."

आणि खरंच होतं. नाक ग्लासाजवळ नेलं की बुडबुडे नाकाला चावायचे आणि त्या चावण्यातून कपातल्या पांढऱ्या आइस्क्रीमचा वास यायचा, तोच, हुबेहूब. पुढची दहा बारा वर्षं मी दर मेमध्ये तो सोडा प्यायलोय.

खूप नंतर कळलं की ह्या पेयाच्या नावात पहिल्यापासूनच गोंधळ आहे. अमेरिकेत ह्याला क्रीम सोडा म्हणतात आणि त्यात क्रीम नसतं. आणि तिकडे आइस्क्रीम सोडा मागितलात तर खरोखरच आइस्क्रीमचा गोळा घातलेला सोडा येतो, म्हणजे माझ्यासारख्या पोराची तिथे फसवणूक झाली नसती. तिकडचं 1852 सालचं क्रीम सोड्याचं एक कृतीवजा टिपण आहे, त्यात क्रीम ऑफ टार्टर, एप्सम सॉल्ट, साखर, टार्टारिक ॲसिड, एक अंडं आणि दूध असा सगळा माल आहे, आणि ते उकळून गार करून पाण्यात घालून वर चिमूटभर खायचा सोडा. एप्सम सॉल्ट म्हणजे जुलाबाचं औषध हो! मग 1865 मध्ये अलेक्झांडर हॉवेल नावाच्या न्यू जर्सीच्या माणसाने क्रीम सोडा वॉटरचं पेटंट घेतलं, त्यातही अंड्याचा पांढरा बलक आणि गव्हाचं पीठ आहे आणि वासाला लिंबू, व्हॅनिला, अननस काय हवं ते घाला असं आहे. मुंबईच्या पालनजीच्या रास्पबेरी सोड्याच्या बाटलीवरचं सालही 1865 च आहे, हा निव्वळ योगायोग, पण मला असले योगायोग आवडतात. अंडं आणि पीठ पुढे गळून गेलं, राहिला तो नुसता व्हॅनिला. रंग मात्र ज्याने त्याने आपापला लावला. अमेरिकेत बहुधा तपकिरी, कॅनडात गुलाबी, दक्षिण आफ्रिकेत हिरवागार. आमच्या स्टँडवर बिनरंगी. पुण्यात कॅम्पातल्या शरबतवाला चौकात आर्देशीरवाल्यांकडे 1884 पासून सोडा बनतोय, त्यांचाही आइस्क्रीम सोडा असतो, आणि कॉलेजात असताना इराण्याकडे खिम्याबरोबर तो मागवला की मित्र हसायचे. हसू देत.

तर काका.

काकाची दोडामार्गच्या बाजूला बाग. माड, पोफळी, मध्ये मिरवेली, जायफळाची चार झाडं. 2002 च्या आसपास तो एकदम व्हॅनिलाच्या मागे लागला. तेव्हा बरेचजण लागले होते, कर्नाटक आणि केरळात तर पार वेड होतं. जगातला बहुतेक व्हॅनिला मादागास्करमधून येतो, तिथे एप्रिल 2000 मध्ये हुडा नावाचं चक्रीवादळ आलं आणि बागा झोपल्या, आणि भाव असा काही चढला की 2003 च्या सुमाराला वाळवलेल्या शेंगा किलोला पाचशे डॉलरच्या घरात गेल्या. काकाने कर्नाटकातून वेल आणली, मीटरवर मोजून, कापड घ्यावं तशी. उंदीरमारीच्या खुंटांवर चढवली. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो, गणपतीला गेलो तर तो मला बागेत घेऊन गेला आणि त्या जाड, मांसल, चकचकीत पानांच्या वेलीवर हात ठेवून म्हणाला, "तू तो आइस्क्रीम सोडो पियायचंस मां? ता ह्या."

त्याचं गणित असं होतं की एवढं आइस्क्रीम, एवढी बिस्किटं, एवढा सोडा जगात खपतो, त्या सगळ्यात हे घालावंच लागणार. मलाही ते पटलं. मी तर म्हटलं अजून लाव.

व्हॅनिला हे ऑर्किड आहे, आणि लावल्यावर तिसऱ्या वर्षी वगैरे फुलतं. फूल पिवळट हिरवं, पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत संपतं. एकच दिवस. वेल मूळची मेक्सिकोकडची, तिथे म्हणे काही माश्या हे परागीभवनाचं काम करतात. आपल्या माश्यांना ते जमत नाही, कारण फुलात नर आणि मादी भागांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. तो हाताने उचलून, वरचा पराग खालच्या भागाला अंगठ्याने चेपावा लागतो. प्रत्येक फुलाला. ही युक्ती 1841 मध्ये रियुनियन बेटावर एका बारा वर्षांच्या गुलाम पोराने काढली, एडमंड अल्बियस त्याचं नाव. त्याच्या आधी युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही हे करून बघितलं होतं, पण मळ्यात भराभर करता येईल अशी रीत काही हाती लागली नव्हती. ह्या पोराने काडी आणि अंगठा एवढ्यावर भागवलं. जगभरात आजही तसंच करतात. तो 1848 मध्ये गुलामीतून सुटला आणि 1880 मध्ये गरिबीतच मेला.

आमच्याकडे अंगठा होता काकूचा, आणि काडी म्हणजे माडाचा हीर, झाडूतला. टूथपिक वगैरे तिने आणलेल्या, पण तिला हीरच बरा वाटायचा, लवतो म्हणाली. पहाटे साडेपाचला डोक्याला फडकं बांधून ती बागेत. काकाचे हात मोठे, त्याच्याकडून फुलं मोडायची, म्हणून हे खातं काकूकडे. चहा नंतर, देवपूजा नंतर, म्हशीसुद्धा नंतर. एका घोसावर रोज एखाददुसरंच फूल उमलतं, त्यामुळे सगळं एकदम उरकून टाकू असंही नाही, त्याच घोसाकडे दुसऱ्या दिवशी परत.

नऊ महिन्यांनी शेंगा तयार झाल्या. हिरव्या, फरसबीच्या थोरल्या बहिणी. मी एक तोडून नाकाशी नेली आणि काहीच नाही. गवत. काकूही पहिल्यांदा घाबरलीच होती, तिने काकाला विचारलेलं, "ह्येका वास खंय आसा?" आता वास वासात नव्हता!

वास काढावा लागतो. हिरव्या शेंगेत तो साखरेला बांधलेला असतो, शेंग मेली की आतली रसायनं त्याला सोडवतात. म्हणून आधी शेंगा कढत पाण्यात बुडवायच्या, उकळत्या नाही, साधारण 63 ते 65 अंश, तीन मिनिटं. मग लगेच लोकरीत गुंडाळून पेटीत, घाम फुटायला. दुसऱ्या दिवसापासून दुपारी उन्हात घोंगडीवर पसरायच्या, गरम असतानाच गुंडाळून परत पेटीत. असं कितीतरी दिवस. मग सावलीत वाळवण, मग डबाबंद करून दोन तीन महिने. पाच सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो काळी, सुरकुतलेली, तेलकट शेंग हाती येते. काकूने त्यासाठी घरातल्या दोन घोंगड्या काढल्या, आजोबांच्या. तो वास त्या घोंगड्यांना जो लागला तो लागलाच. नंतर थंडीत गेलो की मला ती पांघरायला मिळायची आणि मी कस्टर्डमध्ये झोपलोय असं वाटायचं, थोडा म्हशीचा वास असलेलं कस्टर्ड.

पण तोवर 2005 उलटून गेलेलं. भाव चढला म्हणून जगभर सगळ्यांनीच वेली लावल्या होत्या, काकासारख्यांनी, आणि ज्यांना आइस्क्रीम, बिस्किटं, सोडा बनवायचा होता त्यांनी एवढे पैसे मोजण्यापेक्षा कारखान्यातला व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं मुख्य रसायन, घेतला. तो काही नवा नव्हता, जर्मनीत टीमान आणि हारमान ह्या दोघांनी 1874 मध्येच तो प्रयोगशाळेत बनवून दाखवलाय, पाइनच्या झाडातल्या रसापासून. आता मुख्यतः पेट्रोलियमच्या मालातून बनतो. पाचशे डॉलरचा भाव पन्नासच्या आसपास आला. कोल्हापूरकडचा एक व्यापारी येऊन शेंगा बघून गेला, फोन करतो म्हणाला, त्याने काही केला नाही.

हे मला कधी लक्षात आलं सांगू? मागच्या वर्षी. इतकी वर्षं काकाची वेल आणि माझा सोडा ह्या दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी ठेवून मी मजेत होतो. त्या स्टँडवरच्या सोड्यात कधीच, एकदाही, एक थेंबभरही व्हॅनिला नव्हता. बाटलीतला इसेन्स होता तो. काकाला ज्याने बुडवलं तेच तो मला दरवर्षी स्वतःच्या पैशाने पाजत होता, आणि वर त्याच्याच भरवशावर वेल लावून बसला.

काका 2019 मध्ये गेला. मागच्या मे महिन्यात गावी माळा साफ करताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला, आत मेणकागदात गुंडाळलेल्या शेंगा, चाळीसेक असतील. वर पांढरी बुरशी. मी टाकायलाच निघालो होतो, पण उन्हात धरल्यावर ते चमकलं, बारीक सुया, काचेसारख्या. बुरशी नव्हे, शेंगेतलाच व्हॅनिलिन बाहेर येऊन त्याचे खडे झालेले. चांगल्या शेंगेवर असं येतं. काठीसारख्या कडक झालेल्या, पण वास, बापरे. मनुका, जुनं लाकूड, चामडं, थोडी दारू. काकू म्हणाली घेऊन जा, इथे काय करायच्यात.

पुण्याला आणल्या आणि ठरवलं, आइस्क्रीम सोडा करायचा. खरा.

पाक सोपा आहे. चारशे ग्रॅम साखर, त्यातली शंभर ग्रॅम जाड बुडाच्या पातेल्यात कोरडीच वितळवायची, गडद मधाच्या रंगापर्यंत, त्याच्या पुढे गेलात तर कडू. मग त्यात चारशे मिली गरम पाणी. हळू, आणि हात लांब ठेवून, कारण ते अंगावर येतं, माझ्या मनगटावर डाग आहे. उरलेली साखर, चिमूट मीठ, दोन शेंगा उभ्या चिरून, आतला काळा गर सुरीच्या पाठीने खरवडून गर आणि सालं दोन्ही आत. माझ्या शेंगा एवढ्या वाळलेल्या की चिरेनात, म्हणून आधी तासभर कोमट पाण्यात, आणि तेच पाणी पाकाला वापरलं. गॅस बंद करून झाकून रात्रभर. सकाळी गाळून अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू विसरू नका, नाहीतर ते नुसतं गोड औषध लागतं. सालं धुवून वाळवून साखरेच्या डब्यात टाकायची, आमच्या चहाला दोन महिने वास होता, सासूबाईंना अजिबात आवडला नाही.

अडचण गॅसची. मी आधी शहाणपणा केला, यीस्ट. पाकात पाणी, चिमूटभर यीस्ट, बाटलीत बंद, यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं, सगळं कसं नैसर्गिक. हे प्लास्टिकच्या बाटलीत करतात, म्हणजे दाबून कळतं किती फुगलीय, आणि कडक झाली की लगेच फ्रीज. मला मात्र दिसायला छान हवं होतं म्हणून बोहरी आळीतून तारेच्या बुचाच्या काचेच्या बाटल्या आणल्या आणि पुण्याच्या मेमध्ये ओट्याखाली ठेवल्या. दुसऱ्या रात्री अडीचला एक फुटली. खालचे काका जिन्यात येऊन ओरडायला लागले सिलिंडर बंद करा सिलिंडर बंद करा. बायकोने काही न बोलता टॉर्च माझ्या हातात दिला, आणि तिचं ते न बोलणं मी अजून विसरलेलो नाही. उरलेल्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून बादलीत ठेवून एकेक उघडली. चव पावाची होती.

मग बहिणीचा सोडा मेकर आणला. त्यातही पहिल्याच दिवशी पाक घातलेल्या पाण्यात गॅस सोडला आणि फेस छतापर्यंत. आधी नुसतं पाणी, त्यात गॅस, मग पाक, हा क्रम मोडायचा नाही. आणि पाणी बर्फासारखं गार हवं. शून्य अंशाला लिटरभर पाण्यात साध्या हवेच्या दाबाला तीन ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड मुरतो, वीस अंशाला त्याच्या निम्मा. म्हणून कोमट सोडा लगेच मरतो. गोटीची बाटली हे सांभाळायला काय नामी होती, हिरम कॉड नावाच्या इंग्रजाचं 1872 चं पेटंट, ना बूच ना झाकण, आतल्या गॅसनेच गोटी रबराच्या कड्याला दाबून धरायची. आतल्या मालालाच दाराशी उभं करायचं.

आणि तो चावा जिभेवर लागतो तो बुडबुड्यांचा फारसा नसतोच म्हणे, जिभेवर गॅसचं आम्ल होतं त्याचा असतो. लेहला जाताना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून आपले लोक डायमॉक्सच्या गोळ्या घेतात ना, त्या गोळ्या नेमक्या ते आम्ल बनवणाऱ्या गोष्टीलाच अडवतात, म्हणून तिथे बीअर, कोक सगळं बेचव लागतं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने दुकानदाराशी भांडण केलं होतं, जुना माल विकतोस म्हणून. असो.

एक भाग पाक, चार भाग सोडा, उंच ग्लास. रंग फिक्या चहाचा, तळाला काळे बारीक दाणे तरंगत. पहिला घोट घेतला.

उत्तम होता. खोटं कशाला बोलू, मी आजवर प्यायलेल्या कुठल्याही सोड्यापेक्षा चांगला होता, गोड मागे, आधी लाकूड, मग कॅरॅमल, मग कुठून तरी धूर. पण तो आइस्क्रीम सोडा नव्हता. स्टँड नव्हता त्यात. माझी मुलगी बारा वर्षांची, तिने दोन घोट घेऊन ग्लास ठेवला आणि म्हणाली, "बाबा छान आहे, पण ह्याला व्हॅनिला का म्हणतात? व्हॅनिला असा नसतो." मग मी दुकानातून पन्नास रुपयांची इसेन्सची बाटली आणली, साखरेचा पांढरा पाक, चार थेंब, लिंबाऐवजी सायट्रिक ॲसिड, वर खूप गॅस. पाच मिनिटांचं काम. तोंडाशी नेला आणि सात वर्षांचा झालो, पार पोटातल्या गोळ्यासकट. मला त्या क्षणी फार राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही. ग्लास मात्र संपवला.

तेव्हापासून कुणी साध्या, विशेष काही नसलेल्या गोष्टीला व्हॅनिला म्हणालं की मी भांडतो. ऑफिसात मला ह्यावरून नाव पडलंय.

ह्या शिमग्याला गावी गेलो. थर्मासमध्ये पाक नेला होता आणि सोडा तिकडेच घेतला, प्लास्टिकच्या बाटलीतला. काकू आता पंच्याहत्तरची, कमरेत वाकलीय. तिला ग्लास दिला. तिने आधी प्यायला नाही, हुंगला, आणि बराच वेळ हुंगतच राहिली. मग म्हणाली, "घोंगडी." मग प्यायली, ढेकर दिला आणि म्हणाली गॅस कमी आहे.

आजोबांच्या घोंगडीपैकी एक अजून आहे, कुत्रा झोपतो तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला उठवलं. चहा पण नाही. बागेच्या टोकाला, वहाळाजवळ, एका पांगाऱ्यावर ती वेल पार वर गेलेली, मला माहीतच नव्हतं. बाकीच्या काढून टाकल्या होत्या, ही कुणाच्या लक्षात राहिली नाही. दरवर्षी फुलते म्हणाली, दुपारी गळून जाते. खाली, हाताला येईल अशा उंचीवर एक घोस होता, त्यात दोन फुलं उमललेली. काकूने पदरातून हीर काढला, म्हणजे ती रात्रीच सोलून ठेवून आली होती. तिला आता जवळचं नीट दिसत नाही, म्हणून फूल मी धरायचं आणि ती सांगणार. खालची पाकळी फाड. पडदा दिसला? तो वर कर. आता अंगठ्याने चेप, हळू.

माझा अंगठा काकावर गेलाय. फूल देठापासून निघून हातात आलं.

"मोडलंस मरे," काकू म्हणाली. "ऱ्हवांदे. दुसरा धर."